अर्धापूरची केळी आणि मुलाचे पोट

लहान मुलाचे पोट साफ न होणे हा विषय वृत्तपत्रांतून सहसा येत नाही. आलाच तर तो घरगुती उपायांच्या सदरात, पाककृतींच्या शेजारी येतो. राजकीय मतांच्या पानावर त्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील आणि तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. उसाचा दर, धरणाच्या पाण्याचे वाटप, शिकलेल्या तरुणांची बेकारी अशा प्रश्नांच्या रांगेत पाच-सहा वर्षांच्या पोराच्या कुंथण्याला जागा कोठे द्यावयाची? तथापि ज्या घरात असे मूल आहे त्या घराला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. चार-चार दिवस मूल परसाकडे जात नाही, गेले की खडा होतो, वेदनेने ते किंचाळते, कधी रक्ताचा थेंब दिसतो, पोट फुगते, जेवण सुटते. शेतमजुरी करणाऱ्या बाईला अशा वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी दवाखाना गाठावा लागतो, आणि तेथे तिला बहुधा एक चूर्ण, एक पातळ औषध आणि एक दटावणी मिळते. दटावणी अशी की, ‘पोराला नीट खाऊ घालत जा.’ या दटावणीत नेमके काय दडलेले आहे, याचाच विचार करावयाचा आहे.

वैद्यकशास्त्राला या दुखण्याची आता बरीच नीट माहिती आहे. मुलांच्या जुनाट मलावरोधापैकी शंभरातील नव्वदांहून अधिक वेळा आतड्यात कोणताही जन्मजात दोष नसतो. घडते ते असे: एकदा कधीतरी ताप येऊन गेल्यावर, उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यावर, अंगावरचे दूध तोडून वरचे अन्न सुरू करताना किंवा शाळेत पाऊल टाकल्यावर शौच घट्ट होते आणि दुखते. दुखते म्हणून मूल ते रोखून धरते. पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते, टाचांवर ताठ होते. आईला वाटते ते जोर करीत आहे. वास्तविक ते अडवीत असते. रोखलेला मळ मोठ्या आतड्यात साचतो, आतडे त्यातील पाणी शोषून घेते, मळ अधिक घट्ट होतो, पुढच्या वेळी अधिक दुखते. काही महिन्यांत गुदाशय इतका ताणला जातो की तो भरला असल्याची जाणीवच मुलाला होईनाशी होते. मग साचलेल्या गोळ्याच्या बाजूने पातळ मळ आपोआप गळू लागतो आणि चड्डी खराब होते. येथे घरोघरी मोठी चूक होते. कोणी त्याला जुलाब समजून जुलाब थांबवण्याचे औषध देतो, कोणी आळस समजून मुलाला मारतो. ज्या क्रियेवर त्याचा ताबाच उरलेला नाही, तिच्यासाठी त्याला मार बसतो.

गावाकडचे उपाय या भयचक्रात बहुधा भरच घालतात. तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालणे अजूनही चालते. आठवड्याला एरंडेल पाजण्याची जुनी रीत आजीच्या हातून अद्याप सुटलेली नाही. त्या वेळेपुरते पोट मोकळे होते खरे, पण मुलाच्या मनात त्या जागेविषयी आणि त्या क्रियेविषयी जी धास्ती बसते ती पुढच्या चार वेळा त्याला रोखून धरावयास लावते. आजीला दोष देण्याचे कारण नाही. तिला कोणी दुसरे काही सांगितलेच नाही.

आता आहाराकडे वळावे. नांदेडहून हिंगोलीच्या रोखाने वीसेक किलोमीटर गेले की अर्धापूर लागते. इसापूर धरणाच्या कालव्याने भिजणाऱ्या या मुलखात केळीच्या बागा इतक्या की ‘अर्धापुरी’ हे नाव केळीच्या एका ठेंगण्या जातीलाच मिळाले. घड उतरले की ट्रक भरून ते दिल्ली-पंजाबकडे जातात, काही माल आखाती देशांनाही जातो. आणि याच गावांत मलावरोधाच्या मुलाला केळे द्यावे की देऊ नये, यावर घरोघरी वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, केळ्याने पोट साफ होते; दुसरा म्हणतो, केळ्याने पोट धरते. मौज अशी की दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे आहेत. कच्च्या केळ्यात आतड्यात सहज न पचणारा स्टार्च भरपूर असतो. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या बालकांना भातात शिजवलेले हिरवे केळे मिसळून दिले आणि त्यांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. म्हणजे हिरवे केळे मळ बांधते. पिकता पिकता तोच स्टार्च साखरेत बदलतो आणि पूर्ण पिकलेले, सालीवर काळे ठिपके पडलेले केळे मळ बांधीत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला मिळते ते केळे हिरवे तोडलेले, बंद खोलीत वायू सोडून पिवळे केलेले; साल पिवळी झाली तरी आतून ते पुष्कळदा टणकच असते. झाडावर किंवा घरातल्या गवतात सावकाश पिकलेले केळे खाण्याची सोय खरे तर बागेच्या गावालाच आहे. पण बागेच्या गावातले मूल बागायतदाराचे असेल तर! मजुराच्या घरी केळे येते ते व्यापाऱ्याने नाकारलेल्या मालातून किंवा आठवडी बाजारातून.

त्यातही केळ्याची फार थोरवी गाऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे पिकलेल्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात तंतू जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास भरतात. पेरूत ते साडेआठ ग्रॅम असतात. हिवाळ्यात बांधावरचा एक पेरू, बियांसकट, दोन-तीन केळ्यांवर मात करतो. हे तक्ते बारकाईने पाहिले तर आणखी एक गैरसमज दूर होतो आणि तो थोडा अप्रिय आहे. ज्वारी गेली आणि गहू आला म्हणून पोटे बिघडली, असे सभांतून सर्रास सांगितले जाते. या तक्त्यांत ज्वारीचे तंतू शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम आहेत आणि न चाळलेल्या कणकेचे अकरा ग्रॅमहून थोडे अधिक. म्हणजे गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाच्या चपातीवर हा आरोप टिकत नाही. आरोप टिकतो तो मैद्यावर आणि पांढऱ्या तांदळावर. दोन्हींचे तंतू शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमच्याही खाली आहेत. चपाती मऊ आणि पांढरी व्हावी म्हणून कणीक बारीक चाळून कोंडा जनावराला घालण्याची जी प्रतिष्ठित सवय गावोगाव पसरली आहे, तिच्यावरही टिकतो. कोंडा म्हशीला आणि मलावरोध पोराला, अशी ही वाटणी आहे.

मग ज्वारीबरोबर काय गेले? ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटात जे येत होते ते गेले. भाकरी कोरडी खाता येत नाही. तिला वरण लागते, घोळ, अंबाडी, तांदुळजा, चुका, करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचा पाला यांतले काहीतरी लागते, जवसाची किंवा कारळाची चटणी लागते, ताक लागते. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात ज्वारीच्या पाटीत तूर होती, कडेला अंबाडी होती, रब्बीत करडई आणि जवस होते. खरिपाची ज्वारी मागे हटून तेथे सोयाबीन आले तेव्हा हे सारे मिश्रपीक एकदमच हटले. सोयाबीनच्या रानात तणनाशक मारल्यावर घोळ आणि तांदुळजा उगवत नाही, आणि सोयाबीन कोणी घरी शिजवून खात नाही; ते तेलाच्या कारखान्याला जाते. रोख पैसा आला, त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. ज्या पिकाला बाजार आहे ते तो घेणार. परंतु रानातून भाजी फुकट मिळत होती ती आता बाजारातून विकत आणावी लागते आणि मजुराच्या घरी विकत आणावयाच्या वस्तूंत भाजीचा क्रमांक शेवटचा असतो.

या प्रदेशाच्या पोटात शासनाने काय घातले, याचाही एक इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाक मुरडीत खाल्ली, खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली गेली. त्या अन्नाने जीव वाचले हे निर्विवाद आहे. पण दुष्काळातील अन्न हे निवडीचे अन्न नसते, आणि तातडीची ती रीत शासनाच्या अंगवळणीच पडली. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा हा स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या कायद्यांपैकी एक होय. त्याने धान्य ही कृपा न राहता हक्क झाला. त्या कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे स्पष्ट लिहिलेले आहे. २०२३ पासून हे धान्य मोफतही झाले. परंतु भरड धान्याचा तो एक रुपया बहुतेक कागदावरच राहिला. काही जिल्ह्यांत, काही महिन्यांपुरती ज्वारी दुकानात आली आणि गेली. एरवी गहू आणि तांदूळ. डाळ तर कायद्यातच नाही. लातूरची बाजारपेठ आणि तेथील डाळमिल देशभर तूरडाळ पाठवतात आणि शेजारच्या तालुक्यातला शिधापत्रिकाधारक ती किलोच्या नव्हे, पावशेराच्या मापाने विकत घेतो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. दिल्लीत बड्या मेजवान्यांत ज्वारी-बाजरीचे पदार्थ वाढले गेले, छायाचित्रे निघाली. त्याच हंगामासाठी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३१८० रुपये जाहीर केला होता आणि गव्हाचा २१२५ रुपये. शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारीला चांगला भाव मिळणे योग्यच आहे. पण बाजारात महाग असलेले धान्य आणि दुकानात फुकट मिळणारे गहू-तांदूळ यांत मजूर बाई कोणते निवडील, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी दिली. असे वाण विद्यापीठाच्या शिवारातून मजुराच्या ताटापर्यंत पोहोचावयाचे तर मधला दुवा शासनाची खरेदी आणि रेशनचे दुकान हाच आहे.

घरातला तांदूळ वाढला याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते कोणी बोलत नाही. भाकरी थापावयास वेळ लागतो. सकाळी आठला शेतावर पोहोचावयाचे, त्याआधी पाणी भरावयाचे, जनावरांचे पाहावयाचे. अशा बाईला चुलीवर भात चढवून निघणे सोपे पडते. पोरगे उठते, भात आणि पातळ कालवण खाते, हातात पाच रुपये घेते आणि अंगणवाडीला किंवा शाळेला जाते. पाच रुपयांत दुकानात काय मिळते? मैदा, साखर आणि पामतेल यांची बिस्किटे, किंवा तळलेल्या चकल्या-कुरकुऱ्यांची फुगीर पिशवी. पाच रुपयांत भूक मरते, पोट भरल्यासारखे वाटते, दुपारची भाजी नकोशी होते. सकाळी चहात बुडवलेले टोस्ट आणि संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट असे दिवसाचे दोन आहार मैद्यावर निघाले तर त्या मुलाच्या आतड्यात सरकावयास आहे काय? ज्यांची ऐपत आहे त्या घरांत याचेच वेगळे रूप दिसते. तेथे मुलाला जेवण नको असते म्हणून दुधाचे पेल्यावर पेले दिले जातात. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाची अन्नाची भूक मरते आणि पोट घट्ट होते. काही थोड्या मुलांत तर गाईच्या दुधातील प्रथिनच मलावरोधाचे कारण ठरते, असे इटलीतील पालेर्मोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. मजुराचे मूल चहाने आणि नोकरदाराचे दुधाने अशी ही दुखण्याची वर्गवारी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान पंधरा ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला एकवीस ग्रॅम आणि त्याहून मोठ्याला पंचवीस ग्रॅम तंतू अन्नातून मिळावेत असे सांगितले. आकडे ऐकावयास अवघड वाटतात, पण ताटात ते अवघड नाहीत. ज्वारीची एक मध्यम भाकरी, दोन वाट्या सालासकट मुगाचे किंवा तुरीचे वरण, वाटीभर पालेभाजी, चमचाभर जवसाची चटणी आणि एक पेरू किंवा पपईची फोड एवढ्यात सात वर्षांच्या मुलाचा हिशेब पुरा होतो. लहान मुलाला भाकरी चावत नसेल तर ती वरणात किंवा ताकात कुस्करून, भाजी त्यातच घोटून द्यावी. ज्वारीच्या कण्या, मटकीची उसळ, हरभऱ्याच्या घुगऱ्या, भिजवलेल्या मनुका ही काही डॉक्टरांनी शोधून काढलेली औषधे नव्हेत. मात्र हा बदल एका दिवसात करू नये. मैद्यावर वाढलेल्या पोटात एकाएकी तंतू कोंबले तर वायू धरतो, मूल कळवळते आणि घरचे लोक पुन्हा बिस्किटाकडे वळतात. दर तीन-चार दिवसांनी थोडे थोडे वाढवावे, आणि तंतूबरोबर पाणी वाढले नाही तर तेच तंतू आतड्यात सुकून बसतात, हे विसरू नये.

तंतूंच्या या गुणाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांपैकी एक होता आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट. युगांडाच्या खेड्यांत काम करताना त्याने पाहिले की तेथील लोकांचा मळ इंग्लंडमधील लोकांच्या कितीतरी पट अधिक वजनाचा असतो आणि अन्न शरीरातून फार लवकर बाहेर पडते. १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, म्हणजे मराठवाडा मिलो खात होता त्याच वर्षी. श्रीमंत देशांनी त्यानंतर कोंडा डब्यात भरून विकावयास सुरुवात केली आणि आपण तो चाळून टाकावयास शिकलो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील खेड्यात ज्या मुलाचा मळ घट्ट आहे तेच मूल पुष्कळदा वजनानेही कमी असते. अशा मुलाचे छोटे पोट नुसत्या भाजीने आणि कोंड्याने भरले तर त्याला लागणारी ऊर्जा मिळत नाही. त्याच्या भाकरीवर तेल किंवा तूप हवे, वरणात शेंगदाण्याचा कूट हवा, अंडे हवे. शहरातल्या लठ्ठ मुलासाठी लिहिलेला आहारतक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर टांगून चालणार नाही.

आणि नुसत्या आहाराने सगळे होते, असेही नव्हे. हा मुद्दा आहारप्रेमी मंडळींना पटत नाही, पण तो सांगितलाच पाहिजे. ज्या मुलाच्या आतड्यात महिनोन्महिने गोळा साचला आहे त्याचे आतडे आधी औषधाने मोकळे करावे लागते, त्यानंतर किमान दोन महिने, बहुधा त्याहून अधिक काळ, मळ मऊ ठेवणारे लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे औषध नियमित द्यावे लागते. तंतू वाढवून हा गोळा निघत नाही. उलट वर भर पडते. लॅक्टुलोज राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या सूचीत आहे, तेव्हा ते सरकारी दवाखान्यात मिळावे अशी मागणी करण्यात कोणताही संकोच बाळगू नये. चार दिवस बरे वाटले की औषध बंद करण्याची घाई सर्वत्र होते आणि महिन्याभरात सारे पूर्वपदावर येते. सवय लागेल हे भय या औषधांच्या बाबतीत निराधार आहे. मात्र जन्मल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत बाळाने शी केली नव्हती, पोट सतत फुगलेले आहे, हिरव्या उलट्या होतात, वजन घटते आहे किंवा पायांत बळ नाही, असे असेल तर घरच्या उपायांत एक दिवसही घालवू नये.

आता पाण्याकडे आणि संडासाकडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवते. त्या उन्हाळ्यात मोठ्यांनी कसे भागवले याच्या कथा छापून आल्या. मुले किती कमी पाणी प्यायली, हे कोणी मोजले नाही. पण टंचाई नसलेल्या वर्षीही शाळकरी मूल कमीच पाणी पिते आणि पुष्कळदा जाणूनबुजून पिते. कारण पाणी प्यायले की जावे लागते आणि जावयाचे कोठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी बंधनकारक केले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तसाच आदेश दिला. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणाही झाली. बांधकाम झाले, हे नाकारता येत नाही. पण जेथे टाकीत पाणी चढत नाही, कडी लागत नाही आणि साफ करावयास माणूस नाही, तेथे ती खोली बंद कुलपात राहते किंवा तिच्यात मोडकी बाके ठेवली जातात. सातवी-आठवीतल्या मुलीने सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःला आवळून धरावयाचे, आणि वर्गात हात वर करून परवानगी मागितली तर सगळ्या वर्गाने हसावयाचे! अशा मुलीला कितीही पालेभाजी घाला, तिचे आतडे शाळेच्या वेळापत्रकाचेच ऐकणार. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर गेलेल्या मुलांचे तर बोलावयासच नको. कोपीच्या आसपास ना आडोसा, ना पाणी, ना सकाळची निवांत दहा मिनिटे.

त्या दहा मिनिटांचे महत्त्व औषधाइतकेच आहे. जेवल्यानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते. त्या वेळी मुलाला पाच-दहा मिनिटे उकिडवे, किंवा कमोड असल्यास पायाखाली पाट देऊन, न रागावता बसवले तर हळूहळू त्याची गेलेली जाणीव परत येते. झाले तर कौतुक करावे, न झाले तर काही बोलू नये. एवढे करावयास पैसे लागत नाहीत. पण वेळ लागतो आणि मजुरीवर जाणाऱ्या आईकडे नेमका तोच नसतो.

म्हणून दवाखान्यातली ती दटावणी चुकीच्या माणसाला दिली जाते. घरात कोणते धान्य यावे हे रेशनच्या दुकानाने ठरवलेले आहे, डाळ किती शिजावी हे मजुरीने, रानात काय उगवावे हे तेलाच्या बाजाराने, पाणी किती प्यावे हे शाळेच्या कुलपाने. उरलेल्या जागेत आई जे करू शकते ते करीत असते. तिला आहार समजावून सांगावा, अवश्य सांगावा, पण तो सांगणाऱ्याने आधी तिच्या डब्यात डोकावून पाहावे.

शासनाच्या हातात जे आहे त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याचा निर्णय घेतला. अंड्यावरून गदारोळ झाला, कोणाच्या भावना दुखावल्या, पण मुलांनी ते आवडीने खाल्ले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांनी लोकसहभागातून काय ते करावे असे सुचवले. या निर्णयाचा हिशेब अर्धापूरसारख्या तालुक्यात केला तर तो हास्यास्पद ठरतो. ज्या गावच्या वेशीवरून केळीचे ट्रक परप्रांतात जातात, त्या गावच्या शाळेतील मुलाच्या हातात आठवड्याला एक केळे ठेवण्याची ताकद राज्याच्या तिजोरीत नाही, असे मानावयाचे काय?

लोकसहभागाचा शब्द शासनाने काढलाच आहे, तर तो कामाला लावण्यास हरकत नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक गावांत ही समिती मुख्याध्यापकाने आणलेल्या कागदावर सह्या करण्यापुरतीच भरते. अर्धापूर तालुक्यातील एखाद्या गावच्या समितीने पुढच्या बैठकीत तीन विषय लिहून घ्यावेत: स्वच्छतागृहाच्या टाकीला नळजोड आणि कुलपाची किल्ली वर्गातच ठेवणे, तासाला हात वर न करता बाहेर जाण्याची मुभा, आणि व्यापाऱ्याने आकाराने लहान म्हणून बाजूला काढलेले पिकलेले घड दर शनिवारी शाळेत आणण्यासाठी बागायतदारांशी बोलणी. पहिल्या विषयाचा खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून होण्यासारखा आहे, दुसऱ्याला काहीच लागत नाही, आणि तिसऱ्याला बैठकीला हजर राहणाऱ्या आयाच पुरेशा आहेत. त्यांतील पुष्कळजणी त्याच बागांत कामाला जातात आणि कोणत्या बागेत किती माल मागे पडून राहतो, हे त्यांना व्यापाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.